आण्णांचं खरं नाव

सरकारी कचेरीतून काम कसं काढून घ्यायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, असं मधुभाऊंचं मत होतं. उभी हयात त्यांनी साताऱ्यात पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत काढली होती आणि वरिष्ठ लिपिक म्हणून हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते निवृत्त झाले होते. "माझ्या टेबलावर फाईल कधी थांबली नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. "टेबलावर कशी थांबेल? कपाटात असायची," असं शकुंतलाबाई पोह्यांची बशी पुढे करता करता म्हणत. तेव्हा हिवरमाळहून फोन आला आणि रंगूआत्याच्या जमिनीची भानगड कळली, तसं मधुभाऊंनी "दोन दिवसांचं काम आहे" असं जाहीर केलं. बत्तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव गाठीशी असल्यामुळे शकुंतलाबाईंनी पिशवीत आठवड्याचे कपडे भरले.

रंगूआत्या म्हणजे मधुभाऊंच्या वडलांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या अल्याड की पल्याड हे तिलाही ठाऊक नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव मागे टाकून एस.टी. बराच वेळ उजाड माळावरून धावते, त्या बाजूला हिवरमाळ नावाची वाडी आहे. तिथं आत्याचं दोन खोल्यांचं घर, दारात विहीर आणि विहिरीपुढे बागायत म्हणता येईल एवढी जमीन. पोटी मूल नाही. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली. शेजारची मंगल जाता-येता बघते आणि दोन शेळ्या सोबतीला असतात, एवढ्यावर म्हातारी मजेत होती.

आत्याच्या नवऱ्याला सगळी वाडी आण्णा म्हणायची. त्यांच्या थोरल्या भावाला सगळे नाना म्हणायचे. दोघांच्या वडलांचं नाव ज्योती. आता ज्योतीच्या मागं जमिनीचे दोन तुकडे राहिले होते. घर आणि विहीर असलेला तुकडा सातबाऱ्यावर 'हैबती ज्योती' या नावाने होता आणि नुसत्या खडकाचा तुकडा 'दौलू ज्योती' या नावाने. हैबती म्हणजे आण्णा की नाना, एवढाच काय तो प्रश्न, आणि या प्रश्नाचं उत्तर सांगू शकेल असं माणूस वाडीत उरलं नव्हतं. नानांचा नातू विश्वजित शिरवळला एका कारखान्यात नोकरी करतो. सातबारा मोबाईलवर दिसायला लागल्यापासून लोकांना आपल्या आजोबांची अचानक आठवण येते, तशी त्यालाही आली. हैबती हे आपलेच आजोबा असणार असं धरून त्याने वारसनोंदीचा अर्ज केला आणि त्याची नोटीस चावडीवर लागली. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा.

विश्वजित तसा दुष्ट नव्हता. "धाकट्या आजीला मी वाऱ्यावर सोडणार नाही काका," तो फोनवर म्हणाला. "शिरवळला फ्लॅटवर नेतो. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे." हे आत्याच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "लिफ्टमदी शेळ्या मावत्यात का, इचार त्येला."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. एकदा ती नोंद मंजूर झाली की आत्याच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं होणार होतं आणि म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं की ती फार दिवस काढणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मधुभाऊंच्या शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या विहिरीत गेल्या होत्या. पाठीला भोपळा बांधून आण्णांनीच त्यांना पोहायला शिकवलं होतं. त्यामुळे ते फुशारकी मारत होते खरे, पण आतून त्यांना भीती वाटत होती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे आप्पासो सल्ला द्यायला उतरले. आप्पासोंना प्रत्येक कचेरीतला एक माणूस ओळखीचा असतो आणि तो नेमका मागच्या महिन्यात बदलून गेलेला असतो. "तलाठ्याला साहेब म्हणायचं नाही," ते म्हणाले. "भाऊसाहेब म्हणायचं. खेडेगावातली रीत आहे. साहेब म्हटलं की ते बिचकतात, काम अडतं." झेरॉक्स पाच-पाच न्याव्यात, फोटो न्यावेत, पेन दुसऱ्याला देऊ नये, आणि सोमवारी जावं पण पहिल्या सोमवारी जाऊ नये, असं बरंच त्यांनी सांगितलं. मधुभाऊ कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. आपल्याला असं कुणी सांगावं याचा त्यांना मनस्वी संताप आला आणि झोपण्यापूर्वी त्यांनी पाच-पाच झेरॉक्स मोजून पिशवीत ठेवल्या.

हिवरमाळच्या चावडीत खुर्चीवर एक पंचविशीतली मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. मधुभाऊ आत शिरले, हात जोडले आणि रात्रभर घोकलेलं तोंडातून निघून गेलं, "नमस्कार भाऊसाहेब." शब्द निघून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मुलीने मान वर केली नाही. "बसा," ती म्हणाली. "सगळं गाव मला भाऊसाहेबच म्हणतं. माझं नाव राणी. हरकत घ्यायची असेल तर घ्या, पण नुसती तोंडी नको. हैबती म्हणजे आण्णा असं दाखवणारा एखादा कागद आणा."

कागदच हवा ना, मधुभाऊंना हायसं वाटलं. कागद हा त्यांचा प्रांत होता.

त्यांनी आण्णांचा मृत्यूचा दाखला काढला. त्यावर नाव होतं 'आण्णा ज्योती'. जुनी मतदारयादी काढली. 'आण्णा ज्योती'. रेशनकार्डावर आण्णा, सोसायटीच्या सभासदांत आण्णा, बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं होतं, 'आण्णा यांजकडून'. मग त्यांनी उलट बाजूने जायचं ठरवलं. नानांचं खरं नाव दौलू होतं असं सिद्ध झालं तरी भागणार होतं. विश्वजितच्या वडलांच्या शाळेचा दाखला निघाला. त्या काळी मास्तरांनी पोराला विचारलं असणार, बापाचं नाव काय रं? पोराने सांगितलं, नाना. मास्तरांनी लिहिलं, नाना. त्या पोराने उभा जन्म 'शामराव नाना' म्हणून काढला आणि त्याचं कुणालाही काही वाटलं नाही. घरातला कर्ता माणूस म्हणजे आण्णा, नाना, तात्या, बापू. बारशात ठेवलेलं नाव पाळण्याबरोबर माळ्यावर टाकून द्यायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. ते नाव फक्त सरकारच्या लक्षात राहतं आणि सरकारला तो माणूस ओळखू येत नाही.

आता एकच आशा उरली. ज्योती वारला तेव्हा पोरांच्या नावावर जमीन चढली, त्या वेळचा फेरफार. त्यात पोरांची वयं असतात. थोरला कोण आणि धाकटा कोण हे कळलं की विषय संपला, कारण नाना थोरले होते हे सगळ्यांना मान्य होतं. तो फेरफार तालुक्याला जुन्या कागदांच्या खोलीत होता. मधुभाऊंनी अर्ज केला, नक्कल फी भरली, वाट पाहिली आणि एका दुपारी खरोखरच लाल रुमालात बांधलेलं दप्तर त्यांच्यापुढे आलं. अभिलेखपालांनी स्वतः पान काढून दिलं. "जपून हं. फार जुनं आहे," ते म्हणाले. मधुभाऊ किंचित हसले. कागद कसा हाताळायचा हे त्यांना, म्हणजे त्यांना सांगायचं.

पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. 'मयत ज्योती यांचे वारस १. दौलू, वय', इथवर वाचून मधुभाऊ डोळे बारीक करून खाली वाकले. लाल रुमालातली कित्येक वर्षांची धूळ त्यांच्या नाकात गेली आणि त्यांना शिंक आली. साधी शिंक नव्हे. मधुभाऊंच्या शिंकेने साताऱ्यात खालच्या मजल्यावरचं कुत्रं जागं होतं. डोळे उघडले तेव्हा पानाची उजवी बाजू जागेवर नव्हती. ती पिवळ्या चुऱ्याच्या रूपाने टेबलावर, मधुभाऊंच्या शर्टावर आणि अभिलेखपालांच्या चहात होती. दौलूचं नाव पहिलं होतं, पण नुसत्या क्रमाला पुरावा म्हणत नाहीत. 'वय' एवढं शाबूत होतं. पुढचे आकडे चहात गेले.

मग जे झालं ते मधुभाऊंच्या जिव्हारी लागलं. त्यांच्याकडून खुलासा लिहून घेतला. आयुष्यभर त्यांनी शिपायांकडून, मुकादमांकडून, एकदा तर कार्यकारी अभियंत्यांच्या ड्रायव्हरकडून खुलासे लिहून घेतले होते. आता भिंतीकडच्या बाकावर बसून त्यांनी स्वतः लिहिलं, 'सदर शिंक ही हेतुपुरस्सर नव्हती व यापुढे असा प्रसंग घडणार नाही, तरी नोंद घ्यावी.' भाषा चांगली उतरली याचं तेवढं समाधान झालं. अभिलेखपाल भला माणूस होता. त्याने दुसरा चहा मागवला आणि मधुभाऊंचा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

हे सगळं आप्पासोंना फोनवर कळलं. नको होतं कळायला, पण शकुंतलाबाईंना हसू आवरेना म्हणून त्यांनी सांगितलं. "अहो, हेळव्याला गाठा," आप्पासो म्हणाले. "त्यांच्याकडं खापर-खापरपणज्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं." हे मात्र आप्पासो खरं बोलत होते. सुगी झाली की हेळवी बैलावर बसून गावोगाव येतो, घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून धडाधड म्हणून दाखवतो, नवी पोरं लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढे जातो. हिवरमाळचा हेळवी दोन दिवसांनी सापडला. तो आता मोटारसायकलवर येत असे. त्याने हातपाय धुतले, दारात कांबळं अंथरलं, बाड कपाळाला लावलं आणि सुरुवात केली. मूळ पुरुष राणोजी, राणोजीचा मल्हारी, मल्हारीचा बाबाजी, बाबाजीचे दोन, थोरला लढाईत गेला, धाकटा सुभाना, सुभानाचा ज्योती. मधुभाऊ पुढे सरकले.

"ज्योतीचे?" त्यांनी विचारलं.

हेळव्याने पान उलटलं आणि तो थांबला.

"पुढं दुष्काळ," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ज्योतीची पोरं झाली तवा माजा आजा आल्ता हितं. लय वाईट साल. गावानं पसाभर दाणं घातलं न्हाईत. आजा शिवंवरनंच म्हागारी फिरला. तवापास्नं ह्ये पान कोरं हाय." मग आलोच आहोत म्हणून त्याने मधुभाऊंचीच वंशावळ विचारून लिहून घेतली आणि त्याबद्दल एक घोंगडं घेऊन गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, आत्यालाच का नाही विचारलं? तर विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आत्याच्या आईने तिला सांगितलं होतं, आणि आत्याने लग्नापासून आजवर ते पाळलं होतं.

"अगं आत्या, आण्णांना जाऊन पंचवीस वर्षं झाली," मधुभाऊ म्हणाले.

"मग काय झालं? तिकडं बरं चाललं आसंल त्येंचं. तुला कशाला मोडता घालायचाय?"

"बरं, नाव नको घेऊस. मी दोन नावं म्हणतो, तू नुसती मान हलव. हैबती की दौलू?"

पहिलं नाव ऐकताच आत्याने पदर ओढून खाली बघितलं. दुसरं नाव ऐकलं तेव्हाही पदर ओढून खाली बघितलं, कारण दोघांतला एक नवरा तर दुसरा थोरला दीर होता आणि दिराचंही नाव घ्यायचं नसतं. मग बोट वर कर म्हटलं, तर आत्या म्हणाली, "बोटानं सांगितलं काय आन् तोंडानं सांगितलं काय. देवाला काय कळत न्हाई व्हय?" आणि मुळात यात काळजी करण्यासारखं काय आहे हेच तिला पटत नव्हतं. "म्या कुनाची हाय ह्ये सगळ्या वाडीला ठावं हाय. त्या पोरीला एवढं शिकून ठावं न्हाई व्हय?"

शेवटी शकुंतलाबाईंनी सूत्रं हातात घेतली. पुरुषांना हे जमायचं नाही, असं म्हणून त्यांनी मंगलला मध्ये घातलं आणि एका संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर वाडीतल्या बायका जमवल्या. नाव घ्यायचं नसतं, पण उखाण्यात घेतलेलं चालतं. एकेक करून सगळ्यांनी उखाणे घेतले. शकुंतलाबाईंनीही घेतला आणि त्यात मधुभाऊंच्या शिंकेचा उल्लेख केला. दाराआड मधुभाऊ कान देऊन उभे होते. आत्या लाजली, नको नको म्हणाली आणि मग खणखणीत आवाजात तिने सुरू केलं,

"हिरीच्या काठाला लावली केळ,
आण्णांचं नाव घेते, झाली च्याची येळ."

बायका हसल्या, चहा आला. मधुभाऊ दाराआड भिंतीला टेकून खाली बसले.

आणि मुदत संपत आली. नोंद वादातली म्हणून सर्कल मॅडम, म्हणजे तलाठ्यांच्या वरच्या अधिकारी, जागेवर चौकशीला आल्या. लिंबाच्या झाडाखाली बाजेवर त्या बसल्या. शेजारी राणीताई लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन. शिरवळहून विश्वजित आला होता. साताऱ्याहून आप्पासो "सहज" आले होते. आत्या उंबऱ्यात बसून सुपातले तांदूळ निवडत होती. तिच्या दृष्टीने ही पोरखेळाची बैठक होती.

मॅडमनी दोन्ही बाजूंचे कागद पाहिले. एकीकडे आण्णा, दुसरीकडे नाना, हैबती कुठेच नाही. "गावात जुनं माणूस कोण आहे?" त्यांनी विचारलं. तेव्हा धनाजी सुभेदार पुढे आले. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्याला त्यांना जमाना झाला होता, पण सावधानमध्ये उभं राहायची सवय गेली नव्हती.

"मॅडम, रिपोर्ट असा हाय," ते म्हणाले. "हैबती म्हंजे नाना. कन्फर्म. ही हीरबी त्येनंच पाडली. म्या डोळ्यांनी बगितलंय."

"आवं तात्या," मंगल म्हणाली, "हीर पाडली तवा तुमी बॉर्डरवर हुतासा की."

"सुट्टीवर आल्तो," सुभेदार म्हणाले.

मधुभाऊंनी कपाळाला हात लावला. सरकारी माणसाला काय आवडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? सरकारी माणसाला खात्रीने बोलणारा साक्षीदार आवडतो. तो खरं बोलतो का, हा प्रश्न नंतरचा. ते मध्ये बोलायला उठले, तर मॅडम म्हणाल्या, "आपण बसा. आपण तेच ना, शिंकेचा खुलासा?" तालुक्यात ती गोष्ट पोचली होती. मधुभाऊ बसले.

मॅडमनी मजकूर सांगायला घेतला आणि राणीताई टाईप करू लागल्या. "जागेवर समक्ष पाहणी केली असता, सदर विहीर ही मयत हैबती उर्फ नाना यांनी स्वकष्टाने पाडली असून..."

उंबऱ्यातलं सूप थांबलं.

"कुनी पाडली?" आत्याने विचारलं.

"नानांनी, आजी," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदारांनी सांगितलं."

आत्या उठली. सूप कलंडून तांदूळ अंगणात पसरले, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. काठी न घेता ती बाजेपर्यंत चालत आली.

"नानांनी? त्येंनी जल्मात कुदळ धरली न्हाई. पत्तं पिसून पिसून बोटाला घट्टं पडल्यालं त्येंच्या. आन् तू रं धनाजी, तू कवा बगितलंस? ही हीर पाडली तवा माती म्या वडलीया, डोस्क्यावरनं. उन्हाळा गेला. पावसाळा कोरडा गेला. खाली काळा पाषाण लागला, सगळी वाडी म्हनली, सोड गड्या, हितं पानी न्हाई. पर सोडलं न्हाई. सुरुंगाचा दगड पायावर पडला तवा म्या हळद भरली, तर म्हनला, उद्या पानी लागंल बग रंगू. आन् लागलं. हाताचं साल निगालं हुतं आन् हसत हुता पान्यात हुबं ऱ्हाऊन. त्येची हीर नानाची कशी झाली? ही हैबतीची हीर हाय. माज्या हैबतीनं पाडलीया. हैबतीनं."

शेळीने तेवढ्यात तांदूळ खायला सुरुवात केली होती, तिला कुणी हाकललं नाही. मग आपण काय बोलून बसलो हे आत्याच्या ध्यानात आलं. तिने पदर तोंडावर धरला आणि ती होती तिथंच खाली बसली. थोरल्या दिराला भर बैठकीत पत्तेबाज ठरवलं, याचं तिला काही वाटलं नाही. ज्याचं वाटायचं ते एकच होतं.

मंगल तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, काय न्हाई हुत," ती हळूच म्हणाली. "त्येंनी ऐकलं आसंल तर बरंच वाटलं आसंल."

मॅडमनी घसा साफ केला. "आजी, म्हणजे हैबती हे तुमचे..."

"आत्ता सांगितलं न्हवं का," पदराआडून आवाज आला. "येकदाच सांगनार."

"करेक्ट," धनाजी सुभेदार म्हणाले. "हैबती म्हंजे आण्णा. म्या मगापास्नं त्येच म्हनतोय."

विश्वजित बाजूला मान खाली घालून उभा होता. तो पुढे आला, आत्याच्या पायाला हात लावला आणि मॅडमना म्हणाला, "माझी काही तक्रार नाही मॅडम. अर्ज मागं घेतो. ही आजी खोटं बोलेल, पण ह्या नावानं खोटं बोलणार नाही." नंतर विहिरीपाशी त्याने मधुभाऊंना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. फ्लॅटमध्ये शेळ्या कुठं बांधायच्या यावरून आठवडाभर त्याच्या घरात बोलाचाली बंद होती. बायकोला आता फोन करतो, म्हणाला, आणि लगेच करायलाही गेला. इतका मोकळा झालेला माणूस मधुभाऊंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मधुभाऊंचा तर जीव भांड्यात पडला होता. ते लिंबाखाली उभे राहून उगाचच सगळ्यांकडे बघून हसत होते. आण्णांचं घर आता आत्याचं, तिच्या नावाने, आणि तिला कुणी कुठे हलवणार नव्हतं. आप्पासो म्हणाले, "मी सांगितलंच होतं, साक्षीदार महत्त्वाचा." एरवी मधुभाऊंनी त्यांना काहीतरी सुनावलं असतं. आज त्यांनी मान डोलावली. शकुंतलाबाई शेळीच्या तोंडातून राहिलेले तांदूळ सोडवत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या.

आत्याचा जबाब नव्याने लिहिला गेला. प्रिंटरमधून कागद निघाला, तसं राणीताई तो घेऊन आत्यापाशी जमिनीवर बसल्या. अंगठा घेण्याआधी जबाब वाचून दाखवावा लागतो, असा नियम आहे. त्यांनी वाचलं, "मी, रंगूबाई, कैलासवासी हैबती उर्फ आण्णा यांची विधवा पत्नी, लिहून देते की, हैबती ज्योती हे माझे पती असून, सदर विहीर हैबती यांनीच पाडली..."

आत्या पदर डोळ्यांपर्यंत ओढून ऐकत होती. वाचून संपलं. राणीताईंनी शाईची डबी पुढे केली.

"परत वाच," आत्या म्हणाली.

"काही चुकलं का आजी?"

"न्हाई. चुकलं काय न्हाई. परत वाच."

राणीताईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमना अजून दोन गावं करायची होती, पण त्यांनी हाताने चालू दे अशी खूण केली. राणीताईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून वाचलं, या खेपेला जरा सावकाश. आत्याने अंगठा अजून पदरातच ठेवला होता. तेव्हा राणीताईंनी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, सगळं वाचू, का नावापुरतंच?"

"नावापुरतंच," आत्या म्हणाली.